सावलीचा पत्ता

मे महिन्याच्या दुपारी पुण्यात झाडं कुठे उरली आहेत हे बघायचं असेल तर वृक्षगणनेचे आकडे उघडू नयेत, रिक्षा कुठे उभ्या आहेत ते बघावं. स्टँडची पाटी एकीकडे असते आणि रिक्षांची रांग तिच्यापासून लांब, एखाद्या वर्षावृक्षाखाली. भाजीच्या हातगाड्या उन्हाबरोबर सरकतात, सकाळी रस्त्याच्या या कडेला आणि दुपारनंतर त्या. सिग्नलला दुचाकीवाले पांढऱ्या पट्ट्याच्या बरेच आधी थांबतात, कारण सावली तिथेच संपते. मागचा चारचाकीवाला एसीत बसून हॉर्न वाजवतो. त्याला कळत नाही की पुढे एवढी मोकळी जागा असताना हे सगळे इथेच का खोळंबलेत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीवाला असायचा. त्याचं दुकान म्हणजे चाकं लावलेलं एक लांबट टेबल, त्यावर दुमडलेली घोंगडी, कोळशाची इस्त्री आणि डोक्यावर विलायती शिरीष. भाडं नाही, छप्पर नाही. रस्त्याचं काँक्रिटीकरण आलं तेव्हा शिरीष गेला. त्याने निळी ताडपत्री बांधली. "ताई, ताडपत्रीखाली कोळशाची इस्त्री घेऊन उभं राहून बघा एकदा," असं एका एप्रिलात म्हणाला. पावसाळ्यापर्यंत कसाबसा टिकला आणि मग टेबल दिसेनासं झालं. आता कपडे न्यायला एक मुलगा ॲपवरून येतो. इस्त्री कुठे होते कोण जाणे, कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये होत असणार.

त्या शिरीषाच्या बदल्यात रोपं लागली असतील, कागदावर तर नक्कीच लागली असतील. पण ती जिथे कुठे लागली तिथे इस्त्रीवाला नव्हता, बसस्टॉप नव्हता, शाळा सुटल्यावर नातवाची वाट बघत उभे राहणारे आजोबा नव्हते. गेली काही वर्षं माझ्या डोक्यात हेच घोळतंय. शहरातली झाडं आपण संख्येने मोजतो आणि संख्येनेच भरून काढतो. सावलीला मात्र पत्ता असतो, आणि तो बदलला की ती दुसऱ्या कुणाची तरी होते. बहुधा कुणाचीच होत नाही.

महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी वेगळा कायदा आहे, १९७५ सालचा. झाड तोडायचं तर अर्ज करावा लागतो. झाडावर नोटीस डकवावी लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि नागरिकांना हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. ही झाडावरची नोटीस तुम्ही कधी वाचली आहे का? ए-फोर कागद, प्लास्टिकच्या पाकिटात, बुंध्याला खिळ्याने ठोकलेला. झाडाच्या संरक्षणाच्या कायद्याखाली झाडाला खिळा ठोकायचा, हा आपल्याकडचा खास प्रकार. बाजूला 'घर भाड्याने देणे आहे' आणि 'स्पोकन इंग्लिश' यांच्याही जाहिराती त्याच बुंध्यावर असतात. सात दिवसांतले दोन शनिवार-रविवारात जातात, एक पावसात भिजतो.

२०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती कागदावर खरोखर चांगली आहे. पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हटलं गेलं. तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी रोपं लावायची, ती सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षं जगवायची. दोनशेपेक्षा जास्त झाडांचा प्रश्न असेल तर तो राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे न्यायचा, असंही तेव्हा ठरलं. साठ वर्षांचा वड तोडला तर साठ रोपं. ऐकायला हे गणित भलतंच उदार वाटतं. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला झाडाच्या वयाची किंमत कळत होती, एवढं मानायलाच हवं.

पण साठ रोपं लावायची कुठे? ज्या रस्त्यावरचा वड गेला तिथे साठ सोडा, सहासुद्धा मावणार नाहीत, कारण रस्ता रुंद करण्यासाठीच तर वड गेला. मग रोपांचा ट्रक शहराबाहेर निघतो. कुठलातरी मोकळा भूखंड, कुठलीतरी गायरानाची जमीन, आणि पुण्यात असाल तर टेकडी.

टेकडीवर झाडं लावणं हे पुण्यात पुण्यकर्म समजलं जातं. जून-जुलैत शाळा, कंपन्या, वाढदिवसवाले, सगळे खुरपी घेऊन वर येतात. मीही येते, मला ती गर्दी आवडते. पण वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला लागल्यापासून माझ्या लक्षात आलं की ही टेकडी रिकामी कधीच नव्हती. काळ्या कातळावर वीतभर माती, त्यावर कुसळी गवत, मधूनमधून सालई, मोई, मेडशिंगी, गणेर, पांगारा. उन्हाळ्यात सगळं करपून गेल्यासारखं दिसतं आणि तेव्हाच पांगारा लाल होतो, गणेर पिवळा. गवतात चंडोल असतात, टिटव्या असतात, सकाळी मोर ओरडतात. पावसात त्याच गवतातून रानफुलं वर येतात आणि पाणी हळूहळू कातळाच्या भेगांत उतरतं. शहराच्या मधोमध एवढं मोठं गवताळ रान असणं ही चैन आहे. हिरवं म्हणजे झाडांचंच हिरवं, असं आपण ठरवून टाकलं आणि गवताला 'ओसाड' म्हणायला लागलो.

मग त्या ओसाडपणावर उपाय म्हणून गिरिपुष्प आलं. फांदी खोचली तरी जगतं, शेळ्या फारशा तोंड लावत नाहीत, भराभर वाढतं. वृक्षलागवडीच्या तक्त्यात शोभून दिसणारं झाड. फेब्रुवारीत त्याला गुलाबी फुलं येतात तेव्हा लोक फोटो काढतात, आणि मलाही ती सुंदर दिसतात, खोटं कशाला बोला. पण त्याच्या दाटीखाली गवत मरतं आणि गवताबरोबर गवतातलं सगळं. रस्त्यावरचा वड हरवतो आणि त्याची भरपाई म्हणून टेकडीवरचं गवतही हरवतं. एका नुकसानीतून दोन नुकसानी, आणि जमाखर्चात मात्र साठ झाडांची वाढ.

टेकड्यांवर दुसरं संकट रस्त्यांचं आहे. बालभारती ते पौड फाटा हा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता वर्षानुवर्षं नकाशावर आहे, जोडीला बोगद्यांचे प्रस्ताव. २०२३च्या एप्रिलमध्ये याविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्याच महिन्याच्या शेवटी नदीकाठ सुधार प्रकल्पातल्या वृक्षतोडीविरुद्ध लोकांनी झाडांना मिठ्या मारून 'चिपको' केलं. रस्त्याची बाजू मांडणारे म्हणतात, विधी महाविद्यालय रस्ता संध्याकाळी बघा. बघितलाय. मी त्याच रस्त्यावर अडकून हा लेख मनात लिहिला आहे. कोंडी खरी आहे. नवा रस्ता झाल्यावर ती किती वर्षं सुटेल आणि मग त्या नव्या रस्त्यावरची कोंडी सोडवायला कुठली टेकडी घ्यायची, एवढंच विचारायचं असतं. उत्तर कुणी देत नाही. वाहतुकीचे तक्ते दाखवतात.

टेकड्यांबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट आम्ही सकाळी फिरणारे सोयीस्करपणे विसरतो. १९९७ मध्ये २३ गावं पुण्यात आली आणि त्यांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं, सुमारे ९७८ हेक्टर. त्यातली बरीच जमीन खाजगी आहे. कुणाच्या तरी आज्याची. २०१५ मध्ये सरकारने त्या बदल्यात आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ केला. जमीनमालकांना तो तुटपुंजा वाटला, आणि त्यांच्या जागी बसून विचार केला तर का वाटू नये? खालच्या जमिनीचा भाव आकाशाला भिडलेला आणि आपल्या वाट्याला शहराचा प्राणवायू सांभाळण्याचं काम. ज्यांच्या बिल्डिंगच्या जाहिरातीत 'हिल व्ह्यू' लिहिलेलं असतं त्यांनी त्या व्ह्यूचे पैसे बिल्डरला दिले, टेकडीच्या मालकाला नाही. हा हिशेब नीट मांडल्याशिवाय 'टेकड्या वाचवा' ही घोषणा अर्धीच राहते.

मेट्रोच्या डेपोसाठी झाडं तोडलेल्या मुंबईतल्या आरेचा विषय निघाला की आमच्या घरात अजून वाद होतात. भाचा रोज लोकलने प्रवास करायचा. त्याला मेट्रो हवी होती आणि डेपोशिवाय मेट्रो होत नाही, हे त्याचं म्हणणं. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितलं, तोवर परवानगी मिळालेल्या २१८५ झाडांपैकी २१४१ पडली होती. पुढे सरकार बदललं, डेपो कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, तिथल्या जमिनीच्या मालकीवरून काम न्यायालयात अडकलं, पुन्हा सरकार बदललं, २०२२ मध्ये डेपो परत आरेत आला. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो धावू लागली. मी त्या मेट्रोत बसले आहे. छान आहे. भुयारातून गार हवेत जाताना वरचा रस्ता किती तापला असेल याचा विसर पडतो.

भाच्याला मी एकच विचारते. घाई रात्रीची का होती? ज्याला आपल्या कामाच्या योग्यतेची खात्री आहे तो सकाळी दहाला, लोकांसमोर, हिशेब सांगून झाड तोडेल. "सकाळी तोडलं असतं तर चाललं असतं का तुला?" तो म्हणतो. नसतं चाललं. पण मग भांडण निदान डेपोच्या जागेवरून झालं असतं. रात्री करवत चालवली की सगळं भांडण विश्वासावर येतं आणि मग कुठलाही तक्ता, कुठलीही भरपाई, कुठलंही पुनर्रोपण लोकांना खरं वाटत नाही. आरेनंतर इतर शहरांत कुठेही झाडाला नोटीस लागली की लोक पहिला प्रश्न 'का' असा विचारत नाहीत, 'कधी तोडणार, आज रात्री?' असा विचारतात.

आता घरातलं सांगते. आमची सोसायटी ऐंशीच्या दशकातली, तीन मजली, लिफ्ट नसलेली. आवारात दोन आंबे, एक नारळ, फाटकाजवळ बकुळ. सध्या पुण्यातल्या प्रत्येक जुन्या सोसायटीत जे चालू आहे तेच आमच्याकडेही, पुनर्विकास. बिल्डरच्या माणसांनी हॉलमध्ये पडदा लावून चित्रं दाखवली. चित्रांत इमारतीपेक्षा झाडंच जास्त. मी विचारलं, ही झाडं कुठल्या मातीत आहेत? आर्किटेक्ट तरुण होता, प्रामाणिकही. म्हणाला, "मॅडम, पोडियमवर. स्लॅबवर साडेतीन फूट माती येते." खाली काय? पार्किंग, दोन मजली तळघर, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आणि कडेची जागा? ती अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळी आणि फरसबंद ठेवावी लागते. म्हणजे सगळ्या प्लॉटवर थेट पृथ्वीला लागलेली माती किती? तो थोडा थांबला. "तशी... नाही राहत."

हे मला तोवर उमगलं नव्हतं. झाड तुटतं तेव्हा निदान दिसतं, माती जाते ते कुणाला दिसत नाही. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मोठ्या भूखंडांवर, म्हणजे ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या, दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आमच्यासारखे प्लॉट त्याच्या कितीतरी खाली. आणि जुनी पुणेरी हिरवाई वाढली ती नेमकी अशाच छोट्या प्लॉटांच्या मागच्या-पुढच्या अंगणांत. प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, एरंडवणे, डेक्कन. रस्त्यावरचा गारवा हा बऱ्याचदा कुंपणाच्या आतल्या आंब्याने दिलेला होता. ते अंगण एकेक करून तळघर होतंय. साडेतीन फूट मातीत सोनचाफा येतो, पाम येतात, कुंपणाची फायकस येते. आंबा, चिंच, वड येत नाही. म्हणजे येईल, आणि मग वीस वर्षांनी खालच्या पार्किंगमध्ये पाणी गळायला लागलं की सर्वसाधारण सभेत त्याचा ठराव होईल.

मीटिंगमध्ये मी म्हटलं, एका कोपऱ्यात तळघर दहा फूट आत घ्या, एक आंबा राहील. आर्किटेक्टने मोबाईलवर हिशेब केला. चार गाड्यांची जागा जाते. हॉलमध्ये शांतता. कुणाच्या चार गाड्या? तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बोलल्या. त्यांचं वय बघता त्या मीटिंगसाठी खाली उतरून आल्या हेच नवल. "आंबा मलाही हवाय गं. पण त्याच्याखाली बसायला खाली यायचं तर आधी लिफ्ट हवी." सगळे हसले, मीही हसले, पण त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. झाडांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी गुडघे दुखणाऱ्या माणसाला मोजलं नाही तर ते हरणारच, आणि हरायलाच हवेत. पुढच्या दोन बैठकांत ताणाताण होऊन बकुळ वाचली, कारण ती फाटकाच्या कोपऱ्यात होती आणि तिथे गाडी वळतच नव्हती. आंबे नकाशात नाहीत.

मग रस्त्यावरच्या झाडांचं. त्यांच्याकडे निदान माती आहे असं आपल्याला वाटतं. जरा वाकून बुंध्यापाशी बघा. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला टेकलेले, सांध्यात सिमेंट. जुनी झाडं या वेढ्यातून ब्लॉक उचलून, फोडून कशीबशी श्वास घेतात आणि मग फुटपाथ खराब केला म्हणून त्यांच्याच नावाने तक्रार जाते. बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या बाबतीत २०१३ मध्ये दिला होता. तेव्हापासून ठिकठिकाणी काँक्रीट फोडण्याच्या मोहिमा होतात. मोहीम झाली की वर्षभराने फुटपाथचं नवं टेंडर निघतं आणि नवीन ठेकेदार बुंध्यापर्यंत नीटनेटकं काम करून देतो. त्यालाही दोष कसा द्यावा? त्याच्या मोजमापाच्या वहीत चौरस मीटर असतात. आळं सोडलं तर तेवढं बिल कमी होतं.

शिवाय जमिनीखाली केबल, गॅस, पाणी, ड्रेनेज, पावसाळी गटार. प्रत्येकाचा चर वेगळा, प्रत्येकाचा महिना वेगळा, आणि प्रत्येक चरात झाडाच्या एका बाजूची मुळं तुटतात. वर वीजवाले तारांसाठी त्याच बाजूच्या फांद्या ठेवतात आणि समोरच्या छाटतात, किंवा उलट. जूनच्या पहिल्या वादळी पावसात असं झाड आडवं होतं, रिक्षावर, स्कूटरवर, कधी माणसावर. मग बातमी येते: झाड पडून एकाचा मृत्यू. त्यानंतर आठवडाभर छाटणीचे अर्ज वाढतात आणि आसपासची चांगली झाडंही डोकं उडवून खुंट केली जातात. भीती खोटी नाही. आमच्या शेजारच्या गल्लीत गुलमोहोर पडला तेव्हा मीही चार दिवस रस्त्याच्या मधून चालत होते. गुलमोहोर मुळात मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. त्याला अरुंद फुटपाथवर लावलं हा त्याचा दोष नाही. पण ते झाड कशाने पडलं, याची चौकशी होताना मी कधी पाहिली नाही. पूल पडला तर समिती बसते, झाड पडलं की फक्त करवत येते.

आणि तरीही होऊ शकतं, हे दाखवणारी उदाहरणं आपल्याच शहरात आहेत. जंगली महाराज रस्त्याचा बालगंधर्वकडचा भाग २०१७च्या सुमारास नव्याने केला तेव्हा झाडं तशीच ठेवून फुटपाथ त्यांच्याभोवती रुंद केला. गाड्यांसाठीचा डांबरी भाग त्यामुळे शिस्तीत आला, बाकांवर माणसं बसायला लागली. तेव्हा दुकानदारांनी पार्किंग गेल्याची ओरड केली होती. आता त्याच रस्त्यावर संध्याकाळी बाक रिकामा मिळत नाही. पुणे महापालिकेने रस्त्यांच्या रचनेसाठी २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वंही स्वीकारली, त्यांत झाडं, दिवे, बाक यांच्यासाठी फुटपाथला लागून वेगळा पट्टा सांगितला आहे. म्हणजे अक्कल नव्हती असं नाही. ती एका रस्त्यापुरती वापरून कपाटात ठेवली.

लोक सिंगापूरचं उदाहरण देतात तेव्हा मी आधी वैतागते. छोटं शहर, एकपक्षी शिस्त, आपलं कसं जमणार, वगैरे. पण तिथल्या विमानतळाकडून शहरात येणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कमान करणारं झाड कोणतं? आपल्या रिक्षावाल्यांचा वर्षावृक्षच. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, तिकडेही परका, इकडेही परका. १९६७ पासून त्यांनी 'उद्यानांचं शहर' हे धोरण धरलं आणि रस्ता आखतानाच झाडांसाठी मातीची पट्टी आखली. त्यांचं झाड आपल्यापेक्षा हुशार नाही. त्याला नकाशात आधीपासून जागा होती, एवढाच फरक. आपल्याकडे गणेशखिंड रस्त्याचं बघा. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधला, २०२० मध्ये पाडला, मग मेट्रो, मग नवा दुमजली पूल, मग रुंदीकरण. प्रत्येक वेळी कोऱ्या कागदावर रेघा मारल्या गेल्या, आणि मग त्या रेघांच्या आत जुनी झाडं 'आढळली'. दर वेळी ती आढळतातच, पण नकाशा काढून झाल्यावर.

म्हणून आता मी हरकत लिहिते तेव्हा 'झाड वाचवा' असं लिहीत नाही. आमच्या मागच्या रस्त्याच्या रुंदीकरणाची नोटीस लागली तेव्हा गल्लीतल्या आम्ही काही जणांनी टेप घेऊन बुंध्यांची अंतरं मोजली. रस्त्याच्या कडेपासून किती, गटारापासून किती, घेर किती. कॉलेजच्या एका मुलीने ते सगळं नकाशावर बसवलं. हरकतीत तीन वाक्यं होती. रुंदीकरणाचा आराखडा झाडांच्या बुंध्यांसह दाखवावा. पावसाळी गटार झाडांच्या रांगेऐवजी समोरच्या बाजूने न्यावं. बसथांबा एक मीटर पूर्वेला सरकवला तर दोन झाडं तोडावी लागत नाहीत, तो सरकवावा. उद्यान खात्याच्या खिडकीवरच्या बाईंनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "झाड तोडू नये असं कुठे लिहिलंय?" म्हटलं, लिहिलेलं नाही. "मग ही हरकत आहे की सूचना?" शेवटी त्यांनी दोन्हीवर टिक केली.

सुनावणीला रस्ते खात्याचे उपअभियंता आले होते. चिडतील असं वाटलं होतं, पण ते आमच्या नकाशाकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, सर्वेक्षणाच्या ड्रॉइंगमध्ये विजेचे खांब असतात, मॅनहोल असतात, दुकानांच्या पायऱ्यासुद्धा असतात, झाडांचा लेयर ठेकेदाराने दिलेलाच नाही. त्यांनी मागवला नव्हता म्हणून दिला नव्हता. "सावलीसाठी इतकं?" असं त्यांनी मधेच विचारलं, तेव्हा आमच्यातल्या दूधवाल्याने खिडकीतून खाली उभी असलेली त्यांची सरकारी जीप दाखवली. ड्रायव्हरने ती गेटपासून लांब, कंपाउंडच्या टोकाला, कडुनिंबाखाली लावली होती.

गटाराचं अजून ठरलेलं नाही. बसथांबा सरकवायला दुसऱ्या खात्याची मंजुरी लागते आणि त्या खात्याला पत्र कुणी लिहायचं यावर पत्रव्यवहार चालू आहे. पण सुधारित ड्रॉइंगमध्ये झाडांचा लेयर आला, हिरव्या गोलांचा. आमच्या मोजणीत आठ झाडं होती, ड्रॉइंगमध्ये सात आहेत. पिठाच्या गिरणीसमोरचं नांदरुक राहून गेलंय, त्याच्या मुळाशी चप्पल दुरुस्तीवाला बसतो, त्याची छत्री आणि खोकी बुंध्याला टेकलेली असतात, त्यामुळे सर्वेक्षणवाल्या पोरांना बुंधा दिसला नसावा. घेर मोजायला त्याला तासभर खोकी हलवायला लागतील. तो म्हणतो, गुरुवारी या, गुरुवारी लाइट जाते, गिऱ्हाईक कमी असतं.